मिलिटरीचा ‘ड्यूस’ धान्याला जुंपताना

ज्याच्याकडे दोन-तीन हजार एकर रान आहे आणि दारात सेमी-ट्रेलर उभे आहेत, त्याने या भानगडीत पडू नये. मिलिटरीचा जुना ट्रक धान्याला लावावा तो छोट्या शेतकऱ्याने, ज्याचं रान ऑक्टोबरात चिखलतं आणि ज्याच्या पत्र्याच्या कणग्या रानापासून चार-दोन मैलांवर आहेत. इकडे अमेरिकेत, आयोवा राज्यात, आमच्या शेजारच्या आजोबांचं असंच होतं. त्यांचा जुना पेट्रोलवरचा धान्याचा ट्रक पाऊस पडला की रानाच्या तोंडाशीच रुतायचा, आणि हार्वेस्टर तिकडे टाकी भरून खोळंबलेला. मी मूळचा लातूरकडचा, ट्रॅक्टर कंपनीच्या नोकरीने इकडे आलेला आणि वेल्डिंगचा नाद असलेला. आजोबांनी ट्रक आणला आणि माझे शनिवार-रविवार त्यांच्या शेडमध्ये जायला लागले. खाली जे सांगतोय ते त्या कामातलं आहे.

ट्रक म्हणजे एम-३५ए२, अडीच टनी, दहा टायरचा, तिन्ही अ‍ॅक्सल चालणारा. इकडे सगळे त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ किंवा नुसतं ‘ड्यूस’ म्हणतात. मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या रिओ कंपनीने १९५०च्या सुमारास ही जात सुरू केली. पुढे कैसर आणि एएम जनरल यांनीही हे ट्रक बनवले. सैन्याने नवे ट्रक घेतले तसे हे हजारांनी लिलावात निघाले. इंजिन सहा सिलिंडरचं, ४७८ घनइंचांचं, टर्बोवालं मल्टिफ्युएल. त्यातली इंधन जाळायची पद्धत जर्मनीच्या मान कंपनीच्या शोधावर आधारलेली आहे. आपला शक्तिमान ट्रकही मानच्याच परवान्यावर जबलपूरला बनायचा. त्यामुळे लहानपणी रस्त्यावर मिलिटरीचा ताफा पाहिलेल्या माणसाला हा ट्रक अगदीच परका वाटत नाही.

मल्टिफ्युएल नावाला मात्र भुलू नका. जळकं ऑइल, पेट्रोल, रॉकेल, काहीही पचवतो असं ऐकवणारे पुष्कळ भेटतील. सैन्याला अडचणीच्या वेळी ती सोय हवी होती. तुम्हाला हंगामात ट्रक रोज चालू व्हायला हवा, तर स्वच्छ डिझेल घाला आणि फिल्टर बदलत राहा.

घेताना काय पाहायचं

आता बहुतेक ड्यूस सरकारी लिलावातून कधीच बाहेर पडून दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेत. म्हणून आधी कागद पाहा. विकणाऱ्याच्या नावावर राज्याचं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, आहे का? लिलावातून थेट आलेला असेल तर त्याच्यासोबत एसएफ-९७ हा सरकारी फॉर्म हवा, त्यावरूनच टायटल निघतं. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याशी चहा पिऊन उठावं. रस्त्यावरच्या वापराचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेव्हा पैसे द्यायच्या आधी आपल्या काउंटीच्या कार्यालयात विचारून घ्या. एक गोष्ट सोयीची आहे. रिकामा ट्रक साधारण १३,००० पौंड आणि रस्त्यावरचा भार १०,००० पौंड, म्हणजे एकूण २६,००१ पौंडांच्या खालीच राहतं. व्यावसायिक लायसन्सची अट त्या आकड्यापासून सुरू होते.

मग ट्रकखाली झोपा. कोट घालून आलेला गिऱ्हाईक पाहिला की विकणारा भाव चढवतो, तेव्हा मळके कपडेच घाला. चेसिसच्या दोन्ही चॅनेलवर, विशेषतः मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, गंज फुगलाय का ते हातोडीने ठोकून ऐका. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर तिथला ब्रेकचा सिलिंडर गळतोय. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना वाटणारी पेटी) खालून तेलकट असणं चालतं, थेंब थेंब गळणं चालत नाही. पुढे विंच असलेला ट्रक मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. त्याच्या गिअरबॉक्सला पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद विंच-पंपाकडे वळवणारी जोडणी, आधीच बसवलेला असतो, आणि रुतलेला दुसरा ट्रक ओढायला विंच लागतोच.

या गाडीला किल्ली नसते. डॅशबोर्डवर एक दांडी फिरवली की करंट चालू, आणि इंजिन बंद करायला तार ओढायची. दिव्यांचा स्विच तीन दांड्यांचा. एक दांडी वर धरल्याशिवाय दुसरी हलत नाही, म्हणजे रात्री चुकून हात लागून दिवे पेटायला नकोत आणि शत्रूला गाडी दिसायला नको. शेतात शत्रू नाही, पण शेजाऱ्याची पोरं असतात. स्टिअरिंगला साखळी-कुलूप घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आधी ब्रेक, मग बाकी सगळं

ट्रक दारात आला की हौद्याकडे पाहूसुद्धा नका. एम-३५ए२चे ब्रेक हवेच्या जोरावर हायड्रोलिक चालवणारे आहेत. पायाखाली एकच मास्टर सिलिंडर, पुढे एअर-पॅक नावाचा बूस्टर, आणि तिथून सहाही चाकांच्या जागांना एकच लाइन. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर फुटला किंवा एक रबरी नळी गेली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदमच जातात. हातब्रेक आहे, पण तो ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवरच्या ड्रमला धरतो. उभी गाडी धरून ठेवायला तो ठीक, भरलेली गाडी उतारावर थांबवायला त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

म्हणून सगळे चाकसिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या आणि मास्टर सिलिंडर नवेच घाला. ‘हा चांगला दिसतोय, राहू दे’ हा मोह इथे नको. ड्रम काढायला नट सोडवताना ध्यानात ठेवा, की डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे माहीत नसलेले लोक पाईप लावून जोर करतात आणि स्टड तोडून बसतात. मागच्या जोडचाकाला आतलं चाक धरणारा नट वेगळा आणि बाहेरचा वेगळा. आतला कसायचा तर आधी बाहेरचा ढिला करायचा.

ऑइलचंही पाहा. सैन्याने पुढे या गाड्यांत सिलिकॉनचं डॉट-५ ब्रेक ऑइल घातलं. ते पाणी धरत नाही, म्हणून वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाडीला बरं. पण त्यात साधं डॉट-३ मिसळायचं नाही. टाकीत काय आहे याची खात्री नसेल तर सगळी लाइन धुऊन काढा, आणि नवे सिलिंडर बसवतानाच एक काय ते ठरवून टाका. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात.

पैसे हाताशी असतील तर दुहेरी मास्टर सिलिंडरचं किट बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी करून घ्या. डांबरी रस्त्यावर धान्य न्यायचं असेल तर माझ्या मते हे ऐच्छिक नाहीच. टिपर हौदा पुढच्या वर्षी केला तरी चालेल.

टायरचंही इथेच उरका. चाकांना लॉक रिंग असते. जुन्या, गंजलेल्या रिंगवर हवा भरताना ती उडाली तर माणूस जागेवर जातो. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय रिंगला हात लावायचा नाही, जोडचाकं असतील तर दोन्हींची हवा सोडायची. भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, नळी लांब, आणि आपण बाजूला. ज्याच्याकडे पिंजरा नाही त्या टायरवाल्याकडे जाऊच नका. काहीजण मागची जोडचाकं काढून मोठी एकेरी चाकं लावतात. चिखलात ती बरी, कारण दोन टायरांच्या मध्ये माती भरत नाही. पण धान्याच्या वजनाला मला जोडचाकंच योग्य वाटतात. मधली माती संध्याकाळी पहारीने पाडावी लागते, एवढंच.

हौदा किती उंच करायचा

फाळ्या लावत गेलं तर हौदा हवा तेवढा उंच होतो. इथेच बहुतेक जण घसरतात. ड्यूसचा अधिकृत भार रस्त्यावर १०,००० पौंड आणि आडरानात ५,००० पौंड. आमचे अण्णा फोनवर वैतागले, “अरे, क्विंटलात सांग की, पौंडाचं मला काय कळतंय!” तर अण्णांच्या हिशेबात रस्त्यावर ४५ क्विंटल आणि रानात साडेबावीस.

हौद्याची आतली लांबी १४७ इंच आणि रुंदी ८८ इंच, म्हणजे तळ जवळपास ९० चौरस फूट. मक्याचा एक बुशेल ५६ पौंडांचा, सोयाबीनचा ६०, ओटचा फक्त ३२. बुशेल म्हणजे सव्वा घनफुटाला किंचित कमी. म्हणजे घनफुटाला मका ४५ पौंड, सोयाबीन ४८ आणि ओट २६ च्या आसपास. आता हायड्रोलिक जॅक, त्याची खालची चौकट आणि वाढवलेल्या फाळ्या मिळून हजारेक पौंड होतात, ते वजा करा. राहिले ९,००० पौंड. मक्याला २०० घनफूट लागतात, भागिले ९०, म्हणजे २७ इंच. सोयाबीनला २५ इंच. ओट मात्र ४७ इंचांपर्यंत भरता येतो.

हे हिशेब कागदावर राहिले तर ऐन सुगीत कुणी पाहत नाही. म्हणून हौद्याच्या आत चारी बाजूंना रंगाने रेषा मारल्या: मक्याची पिवळी, सोयाबीनची पांढरी, आणि खाली १२ इंचांवर लाल. रान ओलं असेल तेव्हा लाल रेषेच्या वर भरायचं नाही. हार्वेस्टरवर बसलेल्या माणसाला वरून रेषा दिसते, वाद होत नाही. पहिली खेप मात्र एलेव्हेटरच्या (धान्य विकत घेणाऱ्या कोठाराच्या) वजनकाट्यावर न्या आणि पुढचा अ‍ॅक्सल नि मागची जोडी वेगवेगळी तोलून घ्या. ५६ पौंडांचा बुशेल हा १५.५ टक्के ओलाव्याच्या मक्याचा आहे. ऑक्टोबरातला मका त्याहून ओला असतो, त्यामुळे काटा काय सांगतो ते पाहून रेषा हलवावी लागेल. वर ढीग करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

बाजू वाढवायला हौद्याच्या कडेचे खण आयतेच मिळतात. सैनिकांच्या बाकांचे कठडे ज्या खणांत बसायचे, त्यांतच अँगलचे उभे खांब बसवा आणि आतून पाऊण इंचाचं प्लायवूड मारा. भरल्यावर बाजू मधोमध बाहेर फुगतात. त्यासाठी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मध्यावर आडवी साखळी ताणून हुकात अडकवायची, म्हणजे पुढे फावडं चालवायची वेळ आली तर काढता येते.

सोयाबीन कुठूनही निसटतं. हौद्याचा तळ आणि बाजू यांच्या सांध्यात, खणांच्या तळाशी, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बिजागऱ्यांत, जिथे पेन्सिल शिरते तिथून दाणे रस्ताभर सांडतील. दुपारी ट्रक उन्हात उभा करून एकाने हौद्यात बसावं आणि वरून ताडपत्री ओढून घ्यावी. ऊन जिथून आत येईल तिथे सीलंट भरायचं. फाळक्याला कडेने रबराची पट्टी. आणि फाळक्याच्या मधोमध दीड फूट रुंदीची सरकती खिडकी कापून घ्या. सगळा फाळका उघडला तर ऑगरचं, म्हणजे धान्य कणगीत चढवणाऱ्या मळसूत्री नळीचं, तोंड धान्याखाली गाडलं जातं. खिडकी वरखाली करून धार हवी तेवढी ठेवता येते.

उचलायचं कसं

जॅक नसला तरी चालतं, असं म्हणणाऱ्याने एकदा ४० क्विंटल मका फावड्याने खाली करून दाखवावा. आमच्या मोंढ्यातल्या हमालांना तेव्हा मनातल्या मनात हात जोडले जातात. जुन्या, सडलेल्या धान्याच्या ट्रकांचा कात्रीसारखा जॅक भंगारात चांगल्या अवस्थेत मिळतो. ट्रक गंजून गेलेला असतो, पण जॅक वर्षातून महिनाभरच चाललेला असतो.

तो बसवताना चेसिसच्या वरच्या-खालच्या पाकळीला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. ताण त्या कडांवरच येतो. उभ्या भागात आधीची भोकं आहेत, ती वापरा, चांगल्या ग्रेडचे बोल्ट लावा. जॅकसाठी चॅनेलची वेगळी चौकट करून ती चेसिसवर ठेवायची, मध्ये ओकची पट्टी. लोखंडावर लोखंड घासत नाही आणि भार पसरतो.

आता बारकी गोष्ट. मूळ हौद्याचे पुढचे बोल्ट काढताना त्यांच्याखाली स्प्रिंगा दिसतील. त्या फेकू नका. बांध ओलांडताना एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ड्यूसची चेसिस मुरडते. ती तशी मुरडावी म्हणूनच केलेली आहे. चौकट पुढूनही घट्ट आवळली तर चेसिस तरी चिरेल नाहीतर चौकट तरी. मागे बिजागरीपाशी पक्कं, पुढे स्प्रिंगवर सैल. चौकटीमुळे हौदा काही इंच उंच होतो. खाली शाफ्ट फिरायला जागा उरते का, ते जॅक पूर्ण मिटवून हाताने तपासा.

जॅकला तेलाचा दाब कुठून? पीटीओला पंप जोडणं हा सरळ मार्ग. पण आजोबांनी स्वस्तातली युक्ती काढली. कणगीपाशी ऑगर फिरवायला ट्रॅक्टर उभाच असतो, त्याच्याच हायड्रोलिक नळ्या ट्रकच्या जॅकला जोडायच्या. रानात हौदा उचलायची गरज कधी पडतच नाही. अट एकच. ट्रॅक्टरचा दाब जुन्या जॅकला झेपणाऱ्या दाबापेक्षा जास्त असू शकतो, म्हणून मध्ये जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. ४५ अंशांपर्यंत हौदा उचलला गेला की ओला मकाही कोपऱ्यातून निघतो.

वर उचललेल्या हौद्याखाली जायचं तर आधी लोखंडी टेकू. जॅकमध्ये तेल आहे म्हणून नुसतं जायचं नाही. टेकू चौकटीलाच बिजागरीने अडकवून ठेवा. शेडमध्ये राहिलेला टेकू कुणी आणायला जात नाही. जमीन सपाट हवी, वर विजेच्या तारा नकोत, आणि खिडकीतून धान्य चालू असताना हौद्यात पोरंटोरं नकोत. वाहत्या धान्यात माणूस गुडघ्यापर्यंत गेला की त्याला स्वतःहून निघता येत नाही.

विजेचं थोडक्यात. गाडी २४ व्होल्टची, १२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. मागे पाहायचा कॅमेरा, कामाचे दिवे, ताडपत्री गुंडाळायची मोटर हे सगळं बाजारात १२चं मिळतं. ते चालवायला एकाच बॅटरीवरून वायर ओढली तर ती बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी कायम जादा चार्ज. २४चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

चालवायला पॉवर स्टिअरिंग नाही. भरलेल्या गाडीत चिखलात वळताना खांदे भरून येतात. तिथे चाक जागच्या जागी फिरवायचं नाही, आधी गाडी थोडी सरकू द्यायची. चिखलात शिरायच्या आधीच लो गिअर आणि पुढचा अ‍ॅक्सल घालायचा, रुतल्यावर नाही. रस्त्यावर ताशी ४५ मैलांच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही, गाडी ५५ पर्यंत जाते तरीही. वायपरसुद्धा हवेवर चालतात. सकाळी चालू केल्यावर हवेचा दाब भरेपर्यंत बजर कोकलत राहतो, तो थांबल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही. संध्याकाळी हवेच्या टाक्यांच्या खालच्या तोट्या उघडून पाणी काढून टाका. नोव्हेंबरात ते पाणी गोठलं तर सकाळी ब्रेकच्या लाइनमध्ये बर्फ असतो.

सुगी संपली की हौद्याचे कोपरे, खणांचे तळ आणि जॅकची चौकट हवेच्या नळीने झाडून घ्या. मूठभर मका राहिला तरी उंदीर येतात, आणि मका संपला की सीटखालच्या वायरींवर येतात. मग दोन्ही बॅटऱ्यांची जोडणी काढायची, हौदा खाली बसवायचा आणि ताडपत्री ओढून घ्यायची.